गाडीचे काळीज आणि कायद्याचा कागद

(बी. ए. भाग २)

'जुगाड' हा शब्द आपल्याकडे मोठ्या लाडाने उच्चारला जातो. शेतातल्या पंपाचे इंजिन बंडीवर चढवले, की जुगाड. जीपगाडीत मॅटाडोरचे इंजिन बसवले, की जुगाड. शब्द उच्चारला, हसलो, विषय संपला. ज्याने ते काम केले त्याची पाठ थोपटल्यासारखेही होते आणि त्याला शहाण्यांच्या पंगतीत पाट मांडण्याची जबाबदारीही टळते. माझे म्हणणे असे की, निदान एका कामाच्या बाबतीत हा शब्द आपण मागे घ्यावा. ते काम म्हणजे अंगावरचे सगळे उतरवून नुसता सांगाडा उरलेल्या जुन्या गाडीत दुसऱ्याच जातीचे इंजिन बसवणे. ह्या कामाला विद्या म्हणावे, तिची कसून परीक्षा घ्यावी, आणि जो परीक्षेत उतरेल त्याला रस्ता मोकळा करावा, एवढेच मला सांगायचे आहे.

कला शाखेच्या वार्षिकांकात ह्या तेलकट विषयाचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. आधी हे काम आपल्याकडे आले कोठून ते पाहू.

मुंबईच्या महिंद्र कंपनीने १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली. ह्या गाड्या पेट्रोलवर चालत. सरकारी खाती, लष्कर, वनखाते ह्यांनी त्या वापरल्या आणि जुन्या झाल्यावर लिलावात काढल्या. लिलावातली जीप स्वस्तात मिळे. पण तिचे पेट्रोल पाजणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. त्या काळी पेट्रोल आणि डिझेल ह्यांच्या भावांत मोठे अंतर होते. डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून पुरते सुटले ते २०१४ च्या ऑक्टोबरात. तोपर्यंतच्या कितीतरी वर्षांत गावोगावच्या मिस्त्र्यांनी एकच हिशेब केला: सांगाडा जीपचा ठेवावा, काळीज डिझेलचे घालावे. कोणी ट्रॅक्टरचे इंजिन बसवले, कोणी पर्किन्सचे. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीच्या मॅटाडोरमध्ये मर्सिडीजच्या बनावटीचे ओएम ६१६ हे २.४ लिटरचे इंजिन येत असे. मोडीत निघालेल्या मॅटाडोरमधून ते काढून जीपमध्ये घालणे हा तर ठिकठिकाणच्या गॅरेजांचा पाठच होऊन बसला. पुढे महिंद्र कंपनीनेही फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने डिझेल इंजिन बनवून आपल्या जीपमध्ये घातले. म्हणजे गल्लीतला मिस्त्री आणि मुंबईची कंपनी ह्यांचा विचार एकाच दिशेने चालला होता.

गंमत अशी की, दुसऱ्याच्या अंगात तिसऱ्याचे इंजिन घालण्याचा उद्योग मोठ्या कारखान्यांनीही उजळ माथ्याने केलेला आहे. मुंबईच्या प्रीमियर कंपनीने १९८५ साली '११८ एनई' ही गाडी आणली. तिचे अंग इटलीच्या फियाट १२४ चे आणि इंजिन जपानच्या निस्सानचे. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा ही इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या साच्यातली मोठी, ऐसपैस गाडी. तिच्यात प्रथम अँबॅसडरचेच दीड लिटरचे इंजिन घातले होते, आणि लोक तिला 'दिसायला हत्ती, ओढायला शेळी' ठरवून मोकळे झाले. नंतर जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसले तेव्हा कोठे तिची अब्रू राहिली. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने रोव्हरच्या देखण्या अंगात आपले जुनाट दोन लिटरचे इंजिन घातले आणि १९८५ साली 'स्टँडर्ड २०००' म्हणून ती महागडी गाडी विकायला काढली. थोड्याच वर्षांत ती बंद पडली. म्हणजे जोड जमणे आणि न जमणे कारखान्यालाही चुकलेले नाही. फरक इतकाच की, कंपनीने केले तर त्याला 'नवे मॉडेल' म्हणतात आणि मिस्त्रीने केले तर 'जुगाड' म्हणतात.

आता हे काम प्रत्यक्षात काय असते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांना ते नट आवळण्याइतके सोपे वाटते. भंडारा–पवनी रस्त्यालगतच्या एका गॅरेजात एक जुनी जीप अशीच उघडी करून ठेवलेली आहे. टप, सीटा, दारे, बोनेट, वायरिंग सगळे उतरवलेले; खाली फक्त चॅसी, आख आणि चाके. कॉलेज सुटल्यावर मी तेथे बरेचदा थांबतो. गाडी इतकी उघडी का करायची? तर गंजाने चॅसीला कोठे खाल्ले आहे ते टपाखाली दिसत नाही. पेट्रोल इंजिनापेक्षा डिझेल इंजिन जड असते आणि त्याचा थरकापही अधिक असतो. कुजलेल्या चॅसीवर ते चढवणे म्हणजे पोकळ वाशावर कवेलूंचे ओझे टाकणे होय.

त्यानंतर खरा प्रश्न येतो तो जोडाचा. इंजिन एका जातीचे, गिअरबॉक्स दुसऱ्या जातीचा. दोघांची बोल्टांची भोके जुळत नाहीत. म्हणून मध्ये जाड लोखंडी जोडप्लेट लागते. ती लेथवर कापून घ्यावी लागते, आणि इंजिनाच्या क्रँकचा मध्यबिंदू व गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्यबिंदू एका रेषेत यावा लागतो. त्यात केसाइतका फरक राहिला तरी आरंभी काही कळत नाही. काही महिन्यांनी बेअरिंग वाजू लागते, क्लचप्लेट जळते, शेवटी शाफ्ट तुटतो. ही रेषा साधण्यासाठी मिस्त्री फ्लायव्हीलवर डायल लावून ते हाताने हळूहळू फिरवतो आणि काटा कोठे हलतो ते पाहत राहतो. त्या वेळी गॅरेजात कोणी बोलत नाही.

मग इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे ते ज्या रबरी गट्ट्यांवर बसते ते टेकू. इंजिन पुढे सरकवले तर पंखा रेडिएटरला लागतो, मागे सरकवले तर प्रोपेलर शाफ्ट कापावा लागतो, खाली घेतले तर तेलाचा संप पुढच्या आखावर आपटतो. शाफ्टचा कोन चुकला की गाडी वेग घेताच अंग थरथरते. ब्रेकला जोर देणारी हवेची पोकळी पेट्रोल इंजिनात आपोआप तयार होते. डिझेलमध्ये तशी होत नाही, म्हणून त्या जातीचा ब्रेक असेल तर वेगळा व्हॅक्यूम पंप जोडावा लागतो. तो विसरला तर ऐन उतारावर पाय पेडलवर आणि गाडी देवाच्या भरवशावर.

ह्या सगळ्यांत गणितही आहे. जुन्या विलीज जीपच्या मागच्या आखातला क्राऊन-पिनियन ५.३८ : १ असा असतो. म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे ५.३८ फेरे तेव्हा चाकाचा एक फेरा. चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरला तर इंजिन मिनिटाला ४००० फेरे फिरले असता जीप तासाला शंभर किलोमीटरच्या आसपास जाते. पण २५०० फेऱ्यांनाच दमणारे ट्रॅक्टरच्या जातीचे इंजिन घातले तर तीच जीप साठ-बासष्ट किलोमीटरवर अडते; वर कितीही पाय दाबा. इंजिन बदलले म्हणजे गाडी पळेल असे मानणाऱ्याला हा हिशेब ठाऊक नसतो. मिस्त्रीला तो ठाऊक असतो. तो भागाकार कागदावर मांडत नाही, पण मागच्या आखाचे दात मोजल्याशिवाय इंजिनाला हात लावत नाही. बंडीला एक उमदा बैल आणि एक गोऱ्हा जुंपला तर जू कोणाच्या मानेवर बसते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तीच ही समज आहे.

इतके करून गाडी सुरू झाली, आणि येथे खरी अडचण उभी राहते. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याचे कलम ५२ असे सांगते की, नोंदणीपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील ह्यांत तफावत पडेल असा बदल मालकाने वाहनात करू नये. मोडलेल्या इंजिनाऐवजी त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन रीतसर मंजुरीने बसवता येते. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी ह्यांसाठी मान्यताप्राप्त संच बसवण्यालाही कायद्यात वाट ठेवली आहे. पण भलत्या जातीचे इंजिन आणून बसवणाऱ्याला वाट नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे कलम ठामपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ तर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगते.

म्हणजे वर सांगितलेली जीप उद्या कितीही उत्तम चालली, तरी ती शेताच्या बांधापर्यंतच. डांबरी रस्ता तिला बंद.

आता कोणी म्हणेल, हा कायदा मूर्खपणाचा आहे. मला तसे वाटत नाही. गाडीच्या चोराला इंजिन बदलण्याइतका सोयीचा दुसरा मार्ग नाही. नोंदणीपत्रावर चॅसी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात ते त्यासाठीच. दुसरे असे की, मिस्त्री सगळेच सारखे नसतात. जोडप्लेट न करता अंदाजाने वेल्डिंग मारणारे, दुप्पट ताकदीचे इंजिन घालून ब्रेक मात्र जुनेच ठेवणारे हात मी ह्याच जिल्ह्यात पाहिले आहेत. अशा गाडीखाली सापडणारा माणूस सायकलवरून शाळेत जाणारा पोर असू शकतो. त्याच्या घरच्यांना विम्याची कंपनी, बदललेल्या गाडीची नोंद दाखवून, हात वर करू शकते. रस्ता एकट्या हौशी मालकाचा नाही. हे मान्य केल्याशिवाय ह्या विषयावर बोलण्याचा कोणाला अधिकार नाही.

पण कायदा जो प्रश्न विचारतो तोच मला अपुरा वाटतो. तो विचारतो, 'ही गाडी मूळचीच आहे ना?' वास्तविक त्याने विचारायला हवे, 'ही गाडी सुरक्षित आहे ना?'

आमच्या शेजारच्या पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले आणि प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. त्या बौद्ध परंपरेतल्या 'मिलिंदपञ्ह' ह्या पाली ग्रंथात एक प्रसिद्ध संवाद आहे. भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आख म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते, आणि शेवटी मान्य करावे लागते की, ह्या सगळ्यांच्या जुळणीला व्यवहारापुरते दिलेले नाव म्हणजे रथ. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आज परिवहन कार्यालयाच्या खिडकीशी जशाचा तसा उभा आहे. इंजिन म्हणजे गाडी नव्हे, चॅसी म्हणजे गाडी नव्हे. मग जुळणी जर नीट असेल, तर ती गाडी नाही असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? आणि जुळणी वाईट असेल, तर मूळच्या इंजिनाची गाडी तरी कोणत्या तोंडाने चांगली म्हणावी? पंधरा-वीस वर्षांची, ब्रेक झिजलेली, पण नंबर जुळणारी गाडी रस्त्यावर धावते. सगळे नवे ब्रेक बसवलेली, पण नंबर न जुळणारी गाडी धावू शकत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार ह्यांची गोष्ट बहुतेकांनी वर्तमानपत्रात वाचली असेल. भंगारातले भाग जमवून त्यांनी छोटी चारचाकी बनवली; ती मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होई. सुमारे साठ हजार रुपये खर्च आल्याच्या बातम्या होत्या. २०२१ च्या डिसेंबरात उद्योगपती आनंद महिंद्र ह्यांनी त्यांचे जाहीर कौतुक केले. पण ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या तिला थांबवले जाईल, हेही सांगितले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्यांना मिळालीही. देणाऱ्याची दानत मोठी, यात शंका नाही. तरीही मनात येते की, त्या कारागिराला बक्षीस मिळाले ते दुसऱ्याची गाडी चालवण्याचे. त्याची स्वतःची गाडी कोठे कमी पडते, काय सुधारले तर ती चालेल, हे सांगणारी यंत्रणा आपल्याकडे नव्हतीच. त्याच्याही कितीतरी आधी इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी ह्यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतःच्या कल्पनेने घडवली होती. तीही कारखान्यापर्यंत पोचली नाही. कौतुक करून विसरणे ही आपली जुनीच रीत दिसते.

दुसऱ्या देशांनी ह्यावर तोड काढली आहे. जर्मनीत गाडीत मोठा बदल केला तर ती अधिकृत तपासनिसापुढे न्यावी लागते; तो ब्रेक, धूर, जोड सारे पाहतो, आणि पसंत पडले तर तो बदल गाडीच्या कागदावर चढतो. ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्या बनवलेल्या गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला मान्यता देण्याची पद्धत आहे. तेथे परीक्षा अवघड आहे. पण परीक्षा आहे. आपल्याकडे परीक्षाच नाही, सरसकट नापास.

आपल्याकडे हे अशक्य आहे का? पुण्याला १९६६ पासून एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था आहे. पेट्रोलची गाडी विजेवर नेणाऱ्या संचांना तेथे चाचणी देऊन मान्यता मिळू शकते. म्हणजे काळीज बदलण्याला कायद्याची तत्त्वतः हरकत नाही. ते संचाच्या खोक्यातून आले पाहिजे इतकेच. पण कोंढ्याच्या मिस्त्रीने पुण्याला काय घेऊन जावे? एका जीपसाठी कारखान्याइतका चाचणीचा खर्च त्याला परवडणारा नाही. म्हणून माझी सूचना साधी आहे. जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयाने तंत्रनिकेतनाचे आणि आयटीआयचे शिक्षक सोबत घेऊन ठरलेल्या दिवशी अशा गाड्या तपासाव्यात. इंजिन कोठून घेतले त्याची पावती आणि मूळ गाडी मोडीत काढल्याचा दाखला आधी मागावा, म्हणजे चोरीचा प्रश्न मिटेल. ब्रेक, स्टिअरिंग, चॅसीची वेल्डिंग, वजन आणि धूर ह्यांची परीक्षा घ्यावी. नव्या गाडीइतका धूर कमी असणे जुन्या इंजिनाला जमणार नाही, हे खरे. म्हणून अशा गाडीला वर्षाला ठरावीक अंतराची, प्रवासी भाड्याने न नेण्याची अट घालावी. आणि जोड करणाऱ्या मिस्त्रीचे नाव नोंदणीपत्रावर लिहावे. हे शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नाव लिहिले की जबाबदारी येते, आणि जबाबदारीबरोबर मानही येतो. अंदाजाने वेल्डिंग मारणारा आपोआप मागे सरेल.

हे लवकर व्हायला हवे, कारण ही विद्या जाणारे हात थकत चालले आहेत. नव्या गाड्यांत इंजिनाबरोबर संगणक येतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात बिघडलेला भाग काढून नवा लावतात, दुरुस्त करीत नाहीत. तेथे काम करणारी आमच्या वयाची मुले नीटनेटका गणवेश घालतात, आणि त्यांना पगारही मिळतो. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण डायलचा काटा पाहून रेषा साधणाऱ्या माणसाजवळ आता शिकायला कोणी बसत नाही. आमच्याच जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात गिअरबॉक्स तयार होतात, जवाहरनगरला आयुधनिर्माणी आहे, आणि भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचे नाव जुने आहे. धातूशी ह्या भूमीचे नाते आजचे नाही. तरी आपल्या घरात मुलगा शिकला म्हणजे त्याच्या हाताला तेल लागता कामा नये, अशीच शिक्षणाची व्याख्या झालेली आहे. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. म्हणून ही व्याख्या मला रोज ऐकावी लागते. ती सांगणाऱ्यांच्या मनात माया असते, हे मी जाणतो. पण ज्या दिवशी शिकलेला माणूस तेलकट हाताला अडाणी म्हणू लागतो, त्या दिवशी दोघांचेही नुकसान होते.

येथे आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांचे काम सुरू होते. फाउंडेशन, जोडप्लेट, सेल्फ, हीटर, क्राऊन-पिनियन हे शब्द मराठी गॅरेजांत रोज बोलले जातात. काही इंग्रजीतून आले, काही आपल्या जिभेवर वळले, काही मिस्त्र्यांनी स्वतः घडवले. त्यांचा कोश कोणी केलेला नाही. कोणत्या वर्षी कोणत्या गाडीत कोणते इंजिन बसले, का बसले, कोणती जोड टिकली आणि कोणती तुटली, हा आपल्या तालुक्याचा आर्थिक इतिहासच आहे, आणि तो केवळ तोंडी आहे. मराठीच्या प्रकल्पाला शब्दसंग्रह, अर्थशास्त्राच्या प्रकल्पाला डिझेलच्या भावाचा परिणाम, इतिहासाच्या प्रकल्पाला लिलावातल्या जीपा, असे विषय आपल्या प्राध्यापकांनी दिले तर विद्यार्थ्यांना फार लांब जावे लागणार नाही. गॅरेज रस्त्यावरच आहे. परिवहन कार्यालयाला पाठवायचे निवेदनही भाषा जाणणारानेच लिहायचे असते. मिस्त्रीला जोड करता येते, अर्ज करता येत नाही. आपल्याला अर्ज करता येतो. ही जोडही जमवून पाहायला काय हरकत आहे?

विद्या पुस्तकात असते तशी पान्यातही असते. पुस्तकातल्या विद्येची परीक्षा विद्यापीठ दरवर्षी घेते. पान्यातल्या विद्येची परीक्षा घ्या, नापास करायचे तर खुशाल करा, पण तिला परीक्षेला बसू द्या.